पाठ उघडी ठेव

आईने आयुष्यात माझ्याकडे शिवून मागितलेली एकच गोष्ट म्हणजे एक सुती फ्रॉक. उन्हाळ्यात घालायला हवाय, असं ती म्हणाली. तिची अटही एकच होती. मागे चेन नको, बटणं नकोत, पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेव आणि नाड्या लाव. मी फ्रॉक शिवला आणि मागे चेन लावली. आई जाऊन आता वर्ष होईल. लोक माझी समजूत घालतात की तू इतक्या लांब बहरीनमध्ये, तुला काय माहीत ती कशासाठी सांगत होती. मीही काही महिने तसंच म्हणून पाहिलं. पण ते खरं नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय.

आमचं गाव वसईकडचं आणि आई आमच्या आळीतली फ्रॉकवाली. आजी जन्मभर लुगड्यात राहिली, पण आईच्या वयाच्या मुली सणाला फ्रॉक घालून चर्चला जायला लागल्या होत्या आणि ते फ्रॉक बहुतेक आईनेच शिवलेले असत. पहिल्या कम्युनियनचे पांढरे, लग्नात करवल्यांचे गुलाबी, घरात घालायचे चिटाचे. माझेही तीच शिवायची, पण वाढत्या अंगाचे. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवायची आणि दर वर्षी थोडं उसवून द्यायची. त्यामुळे माझा कुठलाही फ्रॉक पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी बरा आणि तिसऱ्या वर्षी विटलेला असे. मला अंगाबरोबर बसणारा नवा फ्रॉक लहानपणी कधी मिळालाच नाही, आणि याचा राग मी चाळिशी ओलांडली तरी सोडलेला नव्हता.

आईचं आणखी एक काम होतं, ज्याचे ती पैसे घेत नसे. आळीत कुणी बाई गेली की आईला बोलावणं येई. अंघोळ घालणं, केस विंचरणं, कपडे नेसवणं हे सगळं तिच्याकडे. त्यासाठी तिची एक वेगळी कात्री होती, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली. मी दहा वर्षांची असताना तिला विचारलं होतं की मयताच्या घरी कात्री कशाला नेतेस. तिने भाजी निवडता निवडता सरळ सांगून टाकलं, "हात वाकत नाहीत गं मग. कपडा पाठीतून कापून पुढून घालायचा आणि बाजूंनी खाली खोचायचा. पुढून कोणाला दिसत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण चांगल्या शिवलेल्या कपड्याला कात्री लावायची जिवावर येतं." म्हणजे उघड्या पाठीचा अर्थ मला दहाव्या वर्षापासून माहीत होता. हे एवढं मान्य केलं की पुढचं सांगणं सोपं जाईल.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो होतो. सनाबिसमधला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि एप्रिलपासूनच एसी बंद करायची सोय नसते. दर शुक्रवारी जेवणाआधी आईला व्हिडिओ कॉल करायचा हा नेम. त्या दिवशी ती पलंगावर टेकून बसली होती. एरवी ती मशीनजवळ बसून बोलायची, मागे कुणाचं तरी कापड लोंबत असायचं.

"बाय, एक फ्रॉक शिव ना माझ्यासाठी," ती म्हणाली. "तिथे कॉटन चांगलं मिळतं म्हणतात."

"तू मला शिवायला सांगतेस? सगळ्या आळीला तू शिवून घातलंस."

"आता मशीनवर बसवत नाही. पाठ दुखते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय म्हणणार, वय झालं म्हणाले. तू फ्रॉकचं ऐक. बिनचेनचा. पाठ उघडी ठेव, वर, मध्ये आणि खाली नाड्या लाव. उन्हाळ्यात वारा लागतो."

मी माप विचारलं. तिने हात हलवून ते उडवून लावलं. "माप कशाला? पाठ उघडी ठेवलीस की माप लागतच नाही. कशीही असले तरी बसेल."

"आणि रंग?"

"तुझ्या आवडीचा आण. बघायचं तुम्हालाच आहे."

मी इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभरात किती बायकांच्या हातात मी तो फिकट निळा गाऊन देते आणि मागून उघडा, मागून, असं हातवारे करून सांगते, त्याची गणती नाही. त्या गाऊनमध्ये माणूस शिरलं की त्याचं नाव, गाव, हुद्दा सगळं बाहेर खुर्चीवर कपड्यांसोबत राहतं. पाठीवर एक हात धरून, उघडं पडू नये म्हणून चोरासारख्या चालत बायका टेबलापर्यंत येतात. फोटो निघाला, मी इथल्या भाषेत खलास, म्हणजे झालं, म्हटलं, की त्यांना सगळ्यात आधी आपले कपडे हवे असतात. तो गाऊन माझ्या डोक्यात जातो. म्हणून मी आईला फटकन म्हणाले, "हॉस्पिटलचा गाऊन शिवू का तुला?"

आई हसली. "तसाच समज," म्हणाली.

भावाला मी फोन केला. तो आईजवळच राहतो. तो म्हणाला, अॅसिडिटी आहे, खाणं कमी झालंय. मी रिपोर्ट पाठव म्हटलं. पाठवतो म्हणाला आणि पाठवला नाही. मी दुसऱ्यांदा मागितला नाही. मागितला असता तर त्याने पाठवला असता, तो काही पक्का खोटारडा नाही. दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो बघून पोट भरणारी बाई मी, स्वतःच्या आईचा एक कागद मला बघायचा नव्हता.

फ्रॉक मात्र मी मनावर घेतला. माझ्या मुलीने तर जास्तच. ती तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत देते. माझ्या कपाटात आईचा एक जुना फोटो आहे, काळा-पांढरा, लग्नाआधीचा. सणाच्या दिवशी चर्चच्या आवाराच्या भिंतीला टेकून उभी आहे. रुंद होडीसारखा गळा, खांद्यावर छोट्या फुग्याच्या बाह्या, कंबर घट्ट आणि खाली भरपूर घेर. फ्रॉक तिने स्वतः शिवलेला. मुलीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ममा, धिस इज सो विंटेज. मेक हर धिस वन." तिने फोनवर तशा फ्रॉकची दहा चित्रं काढून दाखवली. आणि मलाही ते पटलं, लगेच पटलं. पलंगावर टेकलेल्या बाईसाठी गाऊन शिवण्यापेक्षा भिंतीला टेकलेल्या मुलीसाठी फ्रॉक शिवणं कितीतरी बरं होतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही मनामाच्या सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, कापड आणायला गेलो. फोटोत रंग कळत नव्हता, म्हणून आईला विचारलं होतं. ती म्हणाली हळदीचा पिवळा, वर पांढरी बारीक फुलं. मुलीला पुदिन्याचा हिरवा हवा होता. दुकानदाराने गादीवर ठाण उलगडत मला हिंदीत विचारलं की बेबीसाठी का, आणि मी म्हणाले, नाही, माझ्या मम्मीसाठी. त्याने मान हलवून आणखी एक ठाण काढलं आणि तेच आम्ही घेतलं. हळदीपेक्षा जरा फिकं होतं, पण फुलं बरोबर होती. घरी आल्यावर कापड पाण्यातून काढून गॅलरीत टाकलं. तिथल्या उन्हात ते बादली आत ठेवून येईपर्यंत वाळलं आणि पापडासारखं कडक झालं.

मशीन माझ्याकडे होतं. एक फिलिपिनो नर्स कायमची मायदेशी परतली, तिच्याकडून घेतलेलं. जेवणाचं टेबल एसीखाली ओढलं, वर कापड पसरलं आणि बेतायला बसले. मापाला आईचा एक ब्लाउज होता. त्याच्या आदल्या जुलैत घरी गेले होते तेव्हा इस्त्रीच्या कपड्यांत चुकून माझ्या बॅगेत आलेला. वर्ष होत आलं होतं त्याला. स्क्रीनवर आईच्या गळ्याची हाडं दिसत होती, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळत होत्या, आणि मी त्या जुन्या ब्लाउजवरून खडूने रेघा मारत होते. एवढंच नाही. कडेला आत दोन-दोन बोटं कापड जास्त सोडलं. बरी झाली की अंगाने भरेल, मग उसवून देता येईल, असं माझ्या मनात होतं. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या बाईसाठी मी वाढत्या अंगाचा फ्रॉक बेतत होते.

तीन शुक्रवार लागले. गळा दोनदा उसवला. फुग्याच्या बाहीच्या चुण्या एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी आल्या, त्या परत घातल्या. घेराची खालची दुमड मी हाताने घातली, कारण मशीनची टीप तिथे आईला आवडत नसे. शिवणी सगळ्या दुहेरी टिपेच्या, हेही तिचंच वळण. एकेरी टीप मारलेला कपडा म्हणजे अर्धा खोटा, असं ती म्हणायची. कमरेला बांधायला मुलीच्या हट्टासाठी लांब पट्टा केला, मागे मोठा बो येईल असा. कापड पुरेना, म्हणून दोन तुकडे मधोमध जोडले.

मागची बाजू शेवटी राहिली होती. पाठीचे दोन भाग टेबलावर सुटे पडलेले आणि मी हातात टाचण्या घेऊन बसले. तशीच दुमडून तीन ठिकाणी नाड्या लावल्या असत्या तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी उठले, डब्यातून पिवळी चेन काढली आणि ती लावली. दिसणार नाही अशी, शिवणीच्या आत लपवून. इतकी नीट चेन मी त्याआधी कधी लावली नव्हती. चेनच्या खाली घेर दुहेरी टिपेने बंद केला. मला वाटतं त्या वेळी मी रागावलेली होते. कोणावर ते विचारू नका.

कॉलवर मुलीने फ्रॉक अंगासमोर धरला आणि आईला दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली. तिने गळा जवळून बघितला, बाही बघितली, दुमड हाताची आहे का विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता, पण डोळा तोच होता. डाव्या बाहीत एक चुणी कमी आहे हे तिने एवढ्याशा स्क्रीनवरून ओळखलं.

मग म्हणाली, "पुढून छान आहे. मागून दाखव."

मुलीने फ्रॉक फिरवला. आईने फोन डोळ्यांजवळ नेला. नंतर म्हणाली, "चेन लावलीस."

"लपवून लावलीय. दिसतसुद्धा नाही बघ."

"हो. हात चांगला बसलाय तुझा." आणि मग, "उसवता येईल ना गं?"

मी भडकलेच. म्हटलं, "तीन शुक्रवार गेलेत माझे, आई. गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून तू कधी चांगली शिवण उसवली असतीस का?"

"गिऱ्हाइकाने सांगितलं की उसवायचीच असते," आई शांतपणे म्हणाली. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं असावं, कारण लगेच म्हणाली, "राहू दे. चांगला झालाय. राहू दे."

कॉल बंद झाल्यावर मुलगी म्हणाली, "ममा, शी लुक्ड सॅड." मी तिला सांगितलं की तिकडे नेटवर्क बरोबर नव्हतं, चेहरा मध्येच अडकत होता. आणि फ्रॉक घडी घालून कपाटात ठेवला. जुलैच्या सुट्टीत स्वतः घेऊन जायचा ठरला होता. नंतर दोन-तीन शुक्रवारी आई बोलली, पण फ्रॉकचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. चेन उसवायला मला एक दुपार पुरली असती. त्या दुपारी मी काय केलं ते आता आठवतही नाही.

जूनमध्ये, मी ड्युटीवर असताना, भावाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला की ये. मग रडायला लागला आणि त्याने सगळं सांगितलं. पोटातलं दुखणं, जानेवारीपासूनचं. मला कळवायचं नाही अशी आईने त्याला शपथ घातली होती, इतक्या लांब बसून ती काय करणार म्हणून. इमर्जन्सी लीव्ह मिळाली. मुलीची परीक्षा होती, ती तिच्या वडिलांजवळ राहिली. निघताना तिनेच फ्रॉक आणून माझ्या हँडबॅगेत घातला आणि म्हणाली, "गिव्ह हर." मुंबईला उतरून फोन सुरू केला तेव्हा भावाचा मेसेज आलेला होता. मी हवेत असताना आई गेली होती.

घरी पोहोचले तेव्हा सकाळ होती. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. आईला आतल्या खोलीत ठेवलं होतं आणि शेजारच्या मावशीने अंघोळ घालून तिच्यावर पांढरी चादर पांघरली होती. ही मावशी आईकडे शिवण शिकली आणि हे दुसरं कामही आईकडूनच शिकली. तिने मला जवळ घेतलं, थोडं रडू दिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "फ्रॉक आणलास ना बाय? तुझ्यासाठीच थांबलोय. तिने सगळ्यांना सांगून ठेवलेलं. माझ्या वेळेला कात्री आणू नका म्हणाली, माझी लेक बाहेरगावाहून फ्रॉक शिवून आणतेय, पाठ उघडी असेल."

मी बॅगेतून फ्रॉक काढला आणि तिच्या हातात दिला. मावशीने तो उघडून पाहिला. गळ्यावरून हात फिरवला. मग उलटा केला आणि चेनवर तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

"असू दे," ती म्हणाली. "आणते मी कात्री. मागे कोण बघतंय? दोन मिनिटांचं काम."

"कात्री नको," मी म्हणाले. "ब्लेड दे."

आईचं मशीन खिडकीखालीच होतं. त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि उसवायला घेतलं. चेन लवकर निघाली, ती एकेरी टिपेवर होती. खालचा घेर निघेना. दुहेरी टीप, बारीक टाका, आईच्या वळणाची. एकेक टाका ब्लेडच्या टोकाने उचलायचा, तोडायचा, दोरा ओढायचा, कापडाला धक्का लागू द्यायचा नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि टाका दिसत नव्हता, म्हणून मध्येच थांबून बाहीने डोळे पुसावे लागत होते. बाहेर बायकांची रोझरीची प्रार्थना चालू होती. ती संपली. थोडी कुजबुज झाली आणि त्यांनी दुसरी सुरू केली. भाऊ दारात येऊन म्हणाला की फादर आलेत. मावशी त्याला म्हणाली, "बसव त्यांना. शिवणकाम चाललंय."

शिवण कमरेपासून खालपर्यंत सुटली. आता नाड्या हव्या होत्या. कमरेचा पट्टा मी मधोमध उसवला, म्हणजे दोन नाड्या झाल्या. त्या सुईने गळ्याशी दोन्हीकडे टाचल्या. दोरा दाताने तोडला. मावशी माझ्या शेजारी उभी राहून बघत होती आणि शेवटची गाठ झाल्यावर म्हणाली, "झालं. ये आता, मला एकटीला नाही उचलवणार."

आईला उचलायला दोघींची गरज नव्हती. मावशीला ते माहीत होतं, तरी तिने मला बोलावलं. आम्ही एक हात घातला, मग दुसरा. फुग्याच्या बाह्या खांद्यावर नीट बसवल्या. डावीतली ती कमी पडलेली चुणी मी बोटाने सरळ केली. मी आईला एका कुशीवर वळवून धरलं आणि मावशीने मानेमागे नाड्या बांधल्या. मग दोन्ही बाजूंचं उरलेलं कापड आम्ही पाठीखाली घेतलं. दुमडलं, परत दुमडलं, आणि तरी ते उरतच होतं. वाढत्या अंगासाठी मी सोडलेली दोन-दोन बोटंही त्यातच होती.

नंतर लोक आत आले. पुढून फ्रॉक अगदी अंगाबरोबर बसला होता. बायका म्हणाल्या, काय बरोबर माप घेतलंय लेकीने. पाठीखाली किती कापड होतं ते फक्त मावशीला आणि मला माहीत आहे.